तेरा किलो चारशे

बसा. पाय वर घ्या, पलंगाखाली लोंबते ठेवू नका, उगाच कुणाला मोह व्हायचा. कोण हसतंय? चष्म्या, हसून घे बाबा. अजून साडेनऊच वाजलेत.

ही गोष्ट काटेवाल्याची. माझा दोस्त. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचे हा त्याचा धंदा. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत बिऱ्हाड. हात असा पक्का की कांदा नुसता झेलला तरी ग्रॅममध्ये सांगेल. मी एकदा माझं डोकं त्याच्या तळव्यावर ठेवलं, तर म्हणाला, "आत काही भरलेलं दिसत नाही." त्याला एकच पोरगा, चार वर्षांचा. लाडानं त्याला पावशेर म्हणायचा. दर रविवारी पावशेरला काट्यावर बसवायचं आणि भिंतीवर पेन्सिलीनं आकडा लिहायचा. हे घडलं त्याच्या आधीच्या रविवारचा आकडा होता तेरा किलो चारशे.

गेल्या वर्षीची ऑक्टोबरची सतरा तारीख. गुरुवार. रात्री नऊला काटेवाला मासेवाल्याचा काटा पोचवायला निघाला. पोरानं हट्ट धरला म्हणून त्यालाही घेतलं. काटा देऊन परत येताना पोर बापाच्या खांद्यावर. गल्ली रिकामी.

"बाबा, मला जड होतंय."

"वा रे पठ्ठ्या. बसलायस तू माझ्यावर आणि जड तुला होतंय?"

 बापाच्या कपाळावरचे पोराचे हात गरम लागायला लागले.

साडेअकराला ताप एकशे चार. सव्वाला पोराचे डोळे फिरले, दातखीळ बसली, हातपाय ताडताड उडायला लागले. याआधी असं कधीच झालं नव्हतं. बायको अनवाणी वर धावली. वरच्या मजल्यावर सिस्टरबाई राहायच्या, मुलांच्या दवाखान्यात नर्स. त्या आपली पिशवी घेऊनच खाली आल्या. अँब्युलन्सला फोन झाला. पन्नास मिनिटं लागतील म्हणाले. मग दुसऱ्या फोनवरून सिस्टरबाईंनी आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठलं.

"झटका थांबवायचं इंजेक्शन आहे ना तुमच्याकडे? द्या. पण वजन नेमकं सांगा मला. कमी पडलं तर झटका थांबणार नाही. जास्त झालं तर श्वास थांबेल."

आता वजन सांगायला त्या अख्ख्या गावात याच्याइतका लायक माणूस नव्हता. काटेवाल्यानं पोराला उचललं... आणि त्याची कंबर लचकली.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"काही नाही."

पुढच्या खोलीत नेऊन पोराला काट्यावर ठेवलं. लाल आकडे थरथरले आणि थांबले. सोळा किलो दोनशे.

"सोळा धरू?" सिस्टरबाईंनी सुई भरायला घेतली.

"थांबा."

सतरा नऊशे. पोराला कुणी हात लावलेला नव्हता. पोर आता कमी उडत होतं, ओठ मात्र निळे पडत होते. एकोणीस शंभर.

काटेवाल्यानं पोराला बायकोकडे दिलं. तिचे गुडघे वाकले. त्यानं फळीवरचं दहा किलोचं प्रमाण वजन काट्यावर ठेवलं. दहा, शून्य, शून्य, शून्य. वजन उचललं, काटा शून्यावर आला. पोराला परत ठेवलं.

बावीस किलो.

"वजन सांगा," फोनवरून डॉक्टर म्हणाले. "आठ मिनिटं झाली झटक्याला."

"तेरा चारशे," काटेवाला म्हणाला.

बायकोनं त्याचा दंड धरला. "अहो, तो बावीस दाखवतोय. तुम्हीच म्हणता ना, काटा खोटं बोलत नाही?"

"नाहीच बोलत." त्याची नजर आकड्यांवरच होती. "पण ते सगळं वजन याचं नाही."

 सिस्टरबाईंनी एकदा आकड्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग तेराच्या हिशेबानं सुई भरली आणि मांडीत टोचली.

दोन मिनिटांत हातपाय थांबले. बायको रडायलाच लागली, सुटलो म्हणून. तेवढ्यात सिस्टरबाई वाकल्या.

"डॉक्टर... छाती वर येत नाहीये."

"श्वास चालू आहे का?"

"हलका. कुणीतरी दाबून..." पुढचं त्यांनी गिळलं. त्या पोराच्या तोंडावर तोंड ठेवून फुंकायला लागल्या. हवा आत जाईना.

चोवीस. सव्वीस.

काटेवाला गुडघ्यांवर आला. पोराच्या छातीच्या वर, जिथं काहीच नव्हतं, तिथं बघत राहिला.  आवाज बायकोलासुद्धा जेमतेम ऐकू आला.

"हा लहान आहे. याला नाही पेलवणार."

...

"माझ्यावर ये."

दिवा जळत होता. फोनवर डॉक्टर हॅलो, हॅलो करत होते. काट्यावरचा आकडा तसाच. सव्वीस.

"ये ना रे... मी नेतो तुला. म्हणशील तिथं नेतो."

बावीस. सतरा. काटेवाल्याचे दोन्ही हात जमिनीला टेकले. मान खाली गेली.

तेरा चारशे.

पोरानं आ करून श्वास ओढला. मग भोकाड पसरलं. असं गोड भोकाड त्या घरानं कधी ऐकलं नव्हतं.

अँब्युलन्स आली. बायको पोराला घेऊन पुढं चढली. बापाला मात्र पायरी चढवेना, ड्रायव्हरनं मागून ढकललं तेव्हा कुठं आत गेला. दवाखान्यात पहाटेपर्यंत ताप उतरला. पोरानं बिस्किट मागितलं. डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही.

पावणेसहाला काटेवाला कपडे आणायला घरी निघाला. एकटा. पाठ दुमडलेली, प्रत्येक पाऊल ओढत. वाटेत आपल्या या गल्लीत तेव्हा रात्रपाळीनं नवं काँक्रीट ओतत होते. गवंडी ओरडला, "ओ, ओल्यातून कुठं? अन् जीव केवढा, पाय रुतवताय केवढे?" याला काही ऐकू आलं नाही. तो चालत राहिला. घोट्यापर्यंत रुतत.

मग एका फाटकासमोर तो थांबला. पाठ एकदम सरळ झाली. गार वारा लागावा तशी मान मोकळी झाली.

त्या घरातही लेकरं आहेत, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं फाटकाकडे पाहिलं नाही. हाक मारली नाही. तो घराकडे पळत सुटला.

काँक्रीट तसंच वाळलं. उद्या उजेडी बघून या. गल्लीच्या तोंडापासून त्या फाटकापर्यंत पावलं घोट्याएवढी खोल आहेत. तिथून पुढची, नखाएवढी.

फाटक कुणाचं ते मी सांगत नाही. तुमच्यातल्या एकाला आज तिथंच झोपायला जायचंय.