जिथे कुणालाच रडता येत नव्हतं

हे माझ्या बाबतीत घडलंय. मैत्रिणीच्या नणंदेच्या दिराच्या बाबतीत नाही.

मी शिवणकाम करते. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली. आज कुणी माझी केली तर मला राग येणार नाही. पण जे झालं ते झालं, त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं, लाईटही गेली नव्हती. भर दुपार होती आणि खिडकीतून आलेलं ऊन माझ्या पायावर पडलं होतं.

मुलांच्या हॉस्पिटलच्या मागे एक दुमजली इमारत होती. तिला सगळे 'मधलं घर' म्हणायचे. हॉस्पिटल आणि घर यांच्या मधलं. काही मुलांना हॉस्पिटलात ठेवायची गरज उरलेली नसते, पण त्यांना घरी सांभाळणं आईबापांना अजून जमत नसतं. अशी मुलं तिथे असायची. आईबापांनी तिथेच राहायचं, मशीनं शिकायची, हात बसला की मूल घेऊन घरी जायचं.

माझी भाची त्यातलीच. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिल्ली. दीड वर्षाची झाली तरी टिल्लीच. तिच्या श्वासाची वाट अरुंद होती, म्हणून गळ्याला पुढून छोटं भोक पाडून त्यात नळी बसवली होती. ती त्या नळीतूनच श्वास घ्यायची. नळीत कफ साचला की मशीननं ओढून काढायचा. नाही काढला तर...

नाही काढला तर काय, ते पहिल्याच दिवशी सांगतात.

आणखी एक. अशा मुलांना आवाज नसतो. हवा नळीतूनच बाहेर जाते, कंठापर्यंत पोचतच नाही. टिल्ली रडायची तेव्हा तोंड उघडायचं, चेहरा लालबुंद व्हायचा, डोळ्यांना धारा लागायच्या. पण आवाज नाही. टीव्हीचा आवाज बंद करून ठेवावा तसं. त्या वेळी वरच्या मजल्यावर जेवढी मुलं होती, सगळ्यांच्या गळ्यात नळी.

म्हणजे त्या मजल्यावर कुणालाच रडता येत नव्हतं.

एवढं लक्षात ठेवा.

ताई, टिल्लीची आई, तिथे कित्येक महिने अडकून पडली होती. भावोजी बोटीवर कामाला, त्यांची सुट्टी वर्षातून एकदा. मूल घरी न्यायचं तर शिकलेली दोन माणसं लागतात, म्हणून दुकानाला कुलूप लावून मी गेले. ताईचा थोरला घरी आजीजवळ होता. आधी तो रोज फोनवर विचारायचा, "आई, तू कधी येणार?" मग त्यानं विचारणं सोडून दिलं. ताईला तेच जास्त लागलं. रडायची नाही, पण फोन ठेवला की टिल्लीचे धुतलेले कपडे पुन्हा धुवायची.

घरी सोडण्याआधी शेवटची परीक्षा असायची. मजल्याच्या टोकाला एक खोली होती. पलंग, शेगडी, कपाट, सगळं घरच्यासारखं. तिथे दोन दिवस आपलं मूल आपण सांभाळायचं. नर्सनी आत पाऊल टाकायचं नाही.

"आम्ही मेलो असं समजा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्या तिथल्या सगळ्या नर्सच्या वरच्या. बोलायला माझ्यासारख्याच फटकळ, त्यामुळे आमचं जमायचं. "जिवावर बेतलं तर भिंतीवरची लाल घंटा दाबा, तिथे लाजू नका. पण उगाच घाबरून दाबलीत तर शिकणं पुन्हा पहिल्यापासून."

नियम एकच होता. दोघींपैकी एक जण कायम टिल्लीपासून हाताच्या अंतरावर. बाथरूमला जायचं तरी दुसरी आल्यावर.

"हे मूल तुम्हाला हाक मारणार नाही," सिस्टर सांगायच्या. "इथे कानांनी नाही ऐकायचं, डोळ्यांनी ऐकायचं."

दाराला आतून-बाहेरून कडीच नव्हती. मुद्दामच ठेवली नव्हती. तरी कैद म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. दार नुसतं लोटलेलं, बाहेर व्हरांडा, खाली रस्ता, रस्त्यावर जाणारी-येणारी माणसं... आणि मी खुंटीला बांधलेल्या गाईसारखी त्या पलंगाभोवती.

कपाटावर एक जुना रेडिओ होता. सारखा चालू, बारीक आवाजात.

"तो बंद करू नका हं," सिस्टर सहज म्हणाल्या होत्या. "घरासारखं वाटतं."

मीही ते सहजच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली ऑक्सिजन सिलिंडरवाला आला. ताईला सिलिंडर कसा लावायचा ते शिकून घ्यायचं होतं.

"आलेच मी. बसशील ना एकटी?"

"जा गं. मी काही पळून जात नाही."

टिल्ली झोपली होती. मी तिचा फ्रॉक शिवत बसले. असे फ्रॉक बाजारात मिळत नाहीत. गळा खोल आणि पुढून उघडणारा लागतो, नाहीतर कापड नळीवर येतं. रेडिओवर कुणीतरी साबणाचं गुणगान करत होतं. त्या बडबडीत मला टिल्लीच्या नळीची शीळ ऐकू येईना. नळी साफ असली की श्वासाबरोबर बारीक शीळ येते. ती ऐकायची सवयच लागते.

मी उठले आणि रेडिओ बंद केला.

शहाणपणाच केला होता मी. तिथल्या कुठल्याही आईनं तेच केलं असतं.

खोली शांत झाली. नळीची शीळ... पंख्याची कुरकुर...

आणि रडणं.

लहान मुलाचं. भिंतीपलीकडून.

पहिल्यांदा वाटलं, कुणी भेटायला आलेलं असेल. मग आठवलं, बाहेरच्या मुलांना वर आणू देत नाहीत, सर्दीखोकला येईल म्हणून. आणि पलीकडची खोली तर बंदच असायची. तिच्यात मोडके पलंग ठेवले होते.

माझ्या हातातली सुई थांबली.

टिल्ली जागी झाली होती. तोंड उघडं, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. रडत होती. नेहमीसारखी, बिनआवाजाची.

आवाज पलीकडे होता.

तिनं तोंड मिटलं की रडणं थांबायचं. उघडलं की सुरू व्हायचं. तिला उचकी लागली...

पलीकडे उचकी लागली.

मी तिला छातीशी धरलं, थोपटलं. ती हळूहळू शांत झाली. पलीकडचंही हळूहळू शांत झालं. नळीत कफ वाजत होता म्हणून मी मशीन लावून ओढला. ती खोकली. भिंतीपलीकडे कुणीतरी अगदी तसंच खोकलं.

घंटा दाबू? आणि काय सांगू? भिंत खोकते म्हणून? ताईचे महिने पाण्यात गेले असते. मी मन घट्ट करून बसून राहिले.

टिल्लीला रमवायला मी माझं नेहमीचं सोंग केलं. शिवताना बोटात घालायचं टोपण अंगठ्यावर चढवून त्याला नमस्कार करायला लावायचा. ती हसली.

आणि मी तिचं हसणं ऐकलं.

खरं सांगते, त्या क्षणी माझी भीती पळून गेली. दीड वर्षं आम्ही तो चेहरा हसताना बघत होतो. ते हसणं ऐकायला कसं लागतं, ते जगात कुणालाच माहीत नव्हतं, तिच्या आईलाही नाही. खळखळून, मधेच अडखळणारं हसणं होतं ते. माझे डोळे भरून आले. मी पुन्हा टोपण नाचवलं. पुन्हा हसणं. पुन्हा. मला हाव सुटली होती.

नीट ऐकू यावं म्हणून मी टिल्लीला पलंगावर ठेवलं आणि भिंतीपाशी गेले. कान लावला.

हसणं थांबलं.

"मावशी..."

टिल्लीला बोलता येत नव्हतं. ती कधी काही बोललेलीच नव्हती.

"मावशी, ये ना."

मी म्हणाले, "ओ."

कशी म्हणाले, का म्हणाले, देव जाणे. लहान मुलानं हाक मारली की ओ द्यायची, एवढंच.

आवाज भिंतीपासून निघाला. व्हरांड्यातून, छोट्या पावलांनी, आमच्या दारापर्यंत आला. दारामागे खुदखुदला. "मावशी, ये..." मी दाराची मूठ धरली. मूठ फिरली, पण दार उघडेना. मी ओढत होते. पलीकडे ते खिदळत होतं, जणू आमचा लपाछपीचा खेळ चालला होता.

आणि मग मला जाणवलं...

माझ्या मागे शीळ नव्हती.

मी वळले.

टिल्ली निळी पडली होती. ओठ, नखं, सगळं. तोंड उघडं, छाती आत ओढली जात होती, आणि डोळे माझ्यावर. हसणं मात्र दारापलीकडे चालूच होतं.

मी धावले. जाता जाता घंटेवर मूठ आपटली. घंटा वाजलेली मला ऐकू आली नाही. मशीनची बारीक नळी गळ्यातल्या नळीत घालून पाहिली, आत जाईना. गच्च तुंबली होती. आता जुनी नळी काढायची आणि नवी घालायची. हे काम दोघींनी करायचं असतं, एकीनं धरायचं, एकीनं बदलायचं. मी एकटी होते.

नळी गळ्याला बांधून ठेवणारी फीत मी कापली.

दारामागचं हसणं थांबलं.

"मावशी, नको."

मी जुनी नळी ओढून काढली.

"नको ना मावशी... नको..."

आता ते दारामागे नव्हतं. खोलीत होतं. माझ्या खांद्याशी. रडत होतं, गयावया करत होतं, आणि तो टिल्लीचाच आवाज होता. मघाशी मी ज्याच्यासाठी वेडी झाले होते, तोच. समोर पलंगावर टिल्लीचे डोळे वर फिरले होते.

"गप्प बस," मी ओरडले. कुणाला ते आजही सांगता येत नाही.

नवी नळी भोकात घातली. नळी नीट आत सरकावी म्हणून तिच्यात घातलेली काडी उपसली.

आवाज मधेच तुटला.

काही वेळ काहीच झालं नाही. मग टिल्लीची छाती वर आली. शीळ वाजली. ओठ हळूहळू गुलाबी झाले.

दार धाडकन उघडलं. मोठ्या सिस्टर, दोन नर्स, मागे ताई. सिस्टरनी आधी टिल्लीला तपासलं, नळी बघितली, फीत बांधली.

"कधीची घंटा वाजतेय. आम्ही दार ठोठावून दमलो. आतून काय लावलं होतंत?"

दाराला कडी नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग कपाटाकडे.

"रेडिओ कुणी बंद केला?"

त्यांनी जाऊन तो लावला, आवाज थोडा वाढवला. मी खोदून खोदून विचारलं. फटकळ बाई, पण त्या दिवशी त्यांची वाचाच बसली होती.

परीक्षेत आम्ही पास झालो. एकटीनं नळी बदलली म्हणून माझं कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी टिल्ली घरी आली. थोरला दारातच उभा होता. ताईनं त्याला जवळ घेतलं आणि तेव्हा कुठे ती रडली, चांगलं मोठ्यानं.

ताईला मी हे कधी सांगितलं नाही.

आता टिल्ली तीन वर्षांची आहे. नळी अजून आहे, पण गेल्या महिन्यात डॉक्टरांनी नळीवर बसवायची एक छोटी टोपी दिली. ती लावली की श्वास सोडताना हवा कंठातून जाते आणि मुलाला बोलता येतं. टोपी लावली तेव्हा आम्ही सगळे भोवती उभे होतो. भावोजी सुट्टीवर आले होते, त्यांनी अंगठ्यावर टोपण नाचवलं.

टिल्ली हसली. खळखळून, मधेच अडखळत.

सगळे रडले. ते हसणं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं. मी भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना वाटलं, मावशीला आनंद झाला.

आठवड्याला नळी बदलायची ती मीच बदलते, माझाच हात बसलाय. टोपी काढायच्या आधी ती माझा हात धरते. "मावशी, नको," म्हणते. ताई म्हणते, कुठलंही मूल नकोच म्हणणार. खरंच आहे. पण मी त्या दिवशी तिला कुठून ओढून परत आणलं, आणि तिला यायचं होतं का, हे मला कुणी सांगेल का?

मी आता ताईकडेच राहते. आमच्या घरी रेडिओ दिवसभर चालू असतो. ताई वैतागते.

काल दुपारी लाईट गेली.

रेडिओ बंद पडला. ताई बाहेर गेली होती. टिल्ली झोपली होती. टोपी मी धुवायला काढली होती, ती माझ्या हातात होती. टोपी नसली की तिला आवाज नसतो.

स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं...

"मावशी."

मी ओ दिली नाही. भिंतीकडे बघितलंही नाही. मी टिल्लीकडे बघितलं.

तिचे डोळे उघडे होते. मी ओ देते का, ते ती बघत होती.