पहिल्या नंबरची चप्पल

लाइट काही इतक्यात येत नाही. ते मोबाइल खिशात घाला आधी, खालून तोंडावर उजेड पाडला की तुम्हीच भुतं दिसता. शेखर, तू असा जवळ सरक. तुला उद्या आईसाठी दवाखान्याची रांग धरायला जायचं आहे ना? मग तू तर ऐकच.

महादेवरावांना तुम्ही सगळे ओळखता. बोरगाव मंजूच्या पलीकडे ज्यांचं झेंडूचं वावर आहे, ते. आता दिवसभर ओट्यावर बाजेवर बसून असतात. पण ही गोष्ट घडली तेव्हा माणूस ताठ होता, टोपलंभर फुलं एका हातानं उचलून टेम्पोत टाकायचा. एकच दुखणं होतं, बीपी. आणि ते असं तसं नव्हतं. गावातल्या सिस्टरनं पट्टा बांधला, आकडा पाहिला, मशीनच बिघडलं म्हणून दुसरं आणलं. दोन्हींनी एकच सांगितलं. वरचं दोनशेच्या पार. "काका, उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात जा," ती म्हणाली.

जायचं तर होतंच. मागच्या बुधवारी दिवसभर उभं राहूनही त्यांचा नंबर लागला नव्हता, खिडकी तोंडावर बंद झाली होती. गोळ्या संपून चार दिवस झाले होते. मान जड, कानात सारखा घूं घूं आवाज. म्हणून मंगळवारी संध्याकाळी ते चप्पल ठेवायला निघाले.

तो दिवस पोळ्याच्या करीचा, सणाच्या दुसऱ्या दिवसाचा. कौशल्याबाईंनी बिनमिठाची भाकर बांधून दिली आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"करीच्या दिवशी कोनी घराभायेर जाते काय? उद्या जासान."

"बीपीले कर समजते काय वो? बाजूले हो. एसटी जाईन."

आता ही चप्पल ठेवायची भानगड काय, ते सांगतो. दवाखाना अकोल्याचा. नाव नाही सांगत, उगाच कोणी जायचं टाळायचं. तिथं बीपीवाल्यांचा वार बुधवार. सकाळी खिडकी उघडते, मोजक्या चिठ्ठ्या देते आणि बंद होते. म्हणून खेड्यावरची माणसं आदल्या संध्याकाळीच येतात. खिडकीसमोर आपली चप्पल ठेवतात आणि टिनाच्या शेडमध्ये अनवाणी झोपतात. चप्पल म्हणजे माणूस. दुसऱ्याची चप्पल सरकवणाऱ्याला तिथं मार खावा लागतो.

महादेवराव पोचले तेव्हा अंधार पडत होता. गोपाल आधीच आलेला होता. गोपाल म्हणजे बार्शीटाकळीचा, याच रोगाचा, याच रांगेतला दोस्त. कितीतरी वर्षं दोघं एकमेकांची जागा धरत आले. एकानं चहा प्यायला जायचं, दुसऱ्यानं चपला सांभाळायच्या. घरच्या भावांशी झालं नसेल एवढं सुखदुःख दोघांनी त्या फरशीवर बोलून घेतलं होतं. गोपालची चप्पल पहिली होती. त्यानं महादेवरावांना पाहिलं, उठला आणि आपली चप्पल उचलून दोन-तीन चपलांच्या मागं ठेवली.

"भाऊ, तुमी पयल्या नंबरावर ठेवा."

"अरे, तू आधी आला ना?"

"तुमचं बीपी माह्याहून जास्त हाय. मागच्या खेपीले तुमाले वापस जा लागलं. ठेवा, ठेवा."

महादेवरावांचे डोळे भरून आले. आजच्या दिवसात कोण कोणाला पहिला नंबर देतं? सख्खा देत नाही. त्यांनी भाकरीतली अर्धी गोपालला दिली. गोपालनं घेतली, पण खाल्ली नाही. वर न पाहता तो लवकरच शेडच्या पार टोकाला जाऊन झोपला. थकला असेल, असं महादेवरावांना वाटलं.

त्यांना मात्र झोप लागेना. डोक्याच्या मागच्या बाजूला ठोके पडत होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर ते उठले आणि खिडकीजवळ आपल्या चपलेशेजारी भिंतीला टेकून बसले. शेडमध्ये माणसंच माणसं. कोणी खोकत होतं, कोणी घोरत होतं. वर पंखा गरगरत होता.

मग खोकणं थांबलं.

घोरणंही थांबलं. पंखा फिरत होता, पण त्याचा वारा लागत नव्हता.

नळाकडून एक बाई आली. पन्नाशीची असेल. डोक्यावर पदर, एका पायात चप्पल, दुसरा पाय ओला. डाव्या हाताची बाही तिनं पार वर सरकवून ठेवली होती. डॉक्टरसमोर बसल्यावर पट्टा बांधायला आपण सरकवतो ना, तशी.

ती त्यांच्यासमोर उभी राहिली. तिनं त्यांच्या चपलेकडे पाहिलं.

"पयला नंबर तुहा हाय काय भाऊ?"

"हो माय."

"मागच्या खेपीले दुसरा भाऊ होता. तो म्हने, पुढच्या वारी नक्की धरतो. कुठी हाय तो?"

"झोपला असन कोनी. तुमाले काय पाह्यजे?"

"माही जागा धरशीन? मी पानी पिऊन येतो."

आता सांगा, रांगेत बसलेला कोणता माणूस याला नाही म्हणतो? महादेवरावांनी तर आयुष्यात कोणाला नाही म्हटलं नव्हतं.

"धरतो ना. जा तुमी."

"मी येतपर्यंत उठजो नोको."

"नाही उठत."

"मांगं एकीले सांगतलं होतं," ती म्हणाली. "मी पानी प्याले गेली. वापस आली तं चप्पल भायेर फेकलेली. मी इचारलं... कोनीच बोललं नाही."

तिनं पायातली चप्पल काढली. अंगठ्याजवळ तुटलेली, हिरव्या सुतळीनं बांधलेली. ती महादेवरावांच्या चपलेला लागून ठेवली. आणि गेली.

नळाकडे गेली का? त्यांनी मान वळवून पाहिलं. नळ होता. बाई नव्हती.

शेडमध्ये पुन्हा कोणीतरी खोकलं.

उजाडता उजाडता गोपाल आला. येताना त्याची नजर महादेवरावांवर नव्हती, फरशीवर होती. ती हिरवी सुतळी दिसली आणि तो जागच्या जागी थांबला.

"भाऊ... राती कोनी आलं होतं?"

"एक बाई आली होती. जागा धर म्हने."

"मंग? हो म्हनलं तुमी?"

"हो म्हनलं. काहून?"

गोपालनं श्वास सोडला. महादेवरावांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बाबूंनो, भीती असती तर त्यांनी समजून घेतली असती. तिथं भीती नव्हती. सुटलो एकदाचा, असं होतं ते तोंड. बैलाच्या मानेवरून जू उतरावं आणि त्यानं अंग झाडावं, तसा तो उभा होता.

आणि महादेवरावांना सगळं लख्ख कळलं. पहिला नंबर का मिळाला. भाकर का खाल्ली नाही. तोंड फिरवून का झोपला.

"गोपाल... ते तुले इचारून गेली होती काय?"

गोपाल खिशातला कागद काढून उलगडू लागला.

"अन् तू मले पुढं बसवलं?"

खिडकी उघडली. रांग उभी राहिली. महादेवराव उठायला गेले...

उठता येईना.

पाय जिथल्या तिथं. उजव्या दंडाभोवती काहीतरी आवळू लागलं. बीपीचा पट्टा फुगतो तसं. पट्टा फुगतो आणि मग हवा सोडतो. हा सोडत नव्हता. आवळत होता. आणखी. आणखी.

ते ओरडले. आवाज निघाला नाही. मागच्या माणसानं त्यांना वळसा घातला. त्याच्या मागच्यानंही. जणू तिथं खांब होता. कोणाची नजर त्यांच्यावर पडत नव्हती.

एकाची पडत होती. गोपालला ते दिसत होते. तो हातात कागद धरून अगदी शेजारी उभा होता.

महादेवरावांनी उजवा हात वर केला. सगळा जोर लावून केला.

"गोपाल... हात दे."

एवढाच आवाज निघाला. गोपालनं तो ऐकला. हाताकडे पाहिलं. नुसता ओढला असता तरी माणूस उठला असता, असं महादेवराव आजही म्हणतात. गोपालनं पाहिलं... कागद छातीशी धरला... आणि त्यांच्या पायांवरून पाय टाकून खिडकीशी गेला.

चिठ्ठ्या संपल्या. खिडकी बंद झाली. तेव्हा ते आवळणं सुटलं आणि महादेवराव कलंडले. मग मात्र ते सगळ्यांना दिसले! झाडणाऱ्या बाईनं आरडाओरड केली, स्ट्रेचर आलं, बिनचिठ्ठीची खाट मिळाली. जीव वाचला. उजवा हात गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, बीपी मेंदूत चढलं. म्हणणारच, ते काही चूक बोलले नाहीत.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर रोज कोणी ना कोणी भेटायला येत होतं. महादेवराव दाराकडे पाहत पडून राहायचे. रागावले होते, तरी पाहायचे. गोपाल आला नाही.

तो आला थेट दिवाळी झाल्यावर, घरी, सीताफळांची थैली घेऊन. अंगणात चपला काढल्या, ओट्यावर चढला आणि बाजेजवळ उकिडवा बसला. कौशल्याबाईंनी पाणी दिलं. महादेवराव आढ्याकडे पाहत राहिले.

"भाऊ, काही तं बोला. शिव्या द्या."

महादेवरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"दवाखान्याच्या चहावालीनं मले सांगतलं होतं, ते बाई त्याच खिडकीसमोर मेली म्हून. बीपी मोजाचं राहून गेलं तिचं. जो हो म्हनते त्याचा नंबर जाते. मले घाबरल्यासारखं झालं. घरी दोन लेकरं हाय भाऊ. मी काय करू?"

तेव्हा महादेवराव पहिल्यांदा बोलले. हळू बोलले.

"मले सांगतलं असतं, तं दोघंबी उठून घरी आलो असतो. एवढंच करा लागत होतं."

गोपाल उठला. ओट्याच्या पायऱ्या उतरला. आणि थांबला.

अंगणात त्याच्या चपलांचा जोड फाटकाकडे तोंड करून होता. काढताना त्यानं तो तसा ठेवला नव्हता. आणि त्याच्या पुढं आणखी एक चप्पल होती. एकच. अंगठ्याजवळ हिरवी सुतळी.

कौशल्याबाई म्हणाल्या, "हे कोनाची वो?"

गोपाल वाकला. आपल्या चपलेला हात लावला. उचलेना. दोन्ही हातांनी ओढली. उचलेना. मग त्याचे गुडघे टेकले, आणि त्याला उठताही येईना. त्यानं मान वळवली. तोंड पांढरं पडलेलं. एक हात वर केला...

"भाऊ... हात द्या."

महादेवरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग आपल्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"कोनता देऊ, गोपाल?"

शेवटी गोपाल रांगत रांगत फाटकाबाहेर गेला, उभा राहिला आणि अनवाणी पळाला. चपला न्यायला काही आला नाही. त्या तिथंच राहिल्या. कोणी हात लावत नाही. कौशल्याबाई त्या सोडून बाकीचं अंगण सारवतात. पण मंगळवारची रात्र सरली की बुधवारी सकाळी त्या थोड्या पुढं असतात. आधी त्या बाईची, तिच्या मागं गोपालचा जोड. तुळशीजवळ होत्या, मग हौदाजवळ आल्या, मग फाटकाशी.

गोपालचा मात्र दर बुधवारी फोन येतो. रामराम नाही, तब्येत नाही, एकच विचारतो.

"वहिनी, तिची चप्पल पुढं हाय ना?"

"हाय," त्या म्हणतात. तो फोन ठेवतो.

काल बुधवार होता. मी सकाळी झेंडू आणायला त्यांच्याकडे गेलो होतो. फाटकाच्या उंबऱ्यावर गोपालचा जोड होता, धुळीनं भरलेला, तोंड रस्त्याकडे. त्याच्या पुढं ओल्या पायाचा एक ठसा होता. हिरव्या सुतळीची चप्पल नव्हती.

आत फोन वाजत होता. कौशल्याबाई त्याच्याकडे पाहत उभ्या होत्या, उचलत नव्हत्या. बाजेवरून महादेवरावांनी डावा हात पुढं केला आणि फोन कानाला लावला.

"आता तुह्या पुढं कोनी नाही, गोपाल," ते म्हणाले.