आईच्या दहाव्याला जे जेवून गेलं

यातलं काहीही रचलेलं नाही. रचायचंच असतं, तर मी स्वतःला इतका भित्रा दाखवला नसता.

मागच्या वर्षीचा मार्च. मंगळवार, सकाळचे अकरा. पोलादपूरच्या खाली, सावित्री नदीचा काठ.

माझी आई, बयाबाई, वीस वर्षं येशूची विश्वासी होती. तिच्यामुळे मीही. जाण्याआधी तिने माझा हात घट्ट धरला.

"प्रवीण, माज्यामागं पिंड घालू नको रे. मी प्रभूकडं चाललेय."

मी वचन दिलं.

महाडच्या आमच्या पाळकांनी प्रार्थना करून तिला माती दिली. गावच्या रावजीकाकांनी तेव्हा अडवलं नाही. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "माती तुज्या पद्धतीनं झाली. आता दहावा आमच्या पद्धतीनं होऊ दे. नायतर भावकीत तोंड दाखवायला जागा नाय."

काकांची त्यावर मनापासून श्रद्धा होती. मला नुसती लोकांची भीती होती.

मी कबूल झालो. महाडला घरी बायकोला, निशिगंधाला, सांगितलं की गावी जमिनीचं काम आहे.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. सगळे मागे सरकलो.

दहा मिनिटं... अर्धा तास...

एकही कावळा नाही. समोरच्या आंब्यावर एरवी त्यांचा नुसता गोंगाट असतो. त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं.

"तिची कायतरी इच्छा राह्यलेय," काका म्हणाले. "बोल रे, म्हंजी शिवंल."

तिची इच्छा मला माहीत होती. 'आई, चुकलो, हे थांबवतो,' एवढंच म्हणायचं होतं. पण चाळीस माणसं बघत होती.

मी मान खाली घातली. "आई, ये. जेव."

"शिवला, शिवला!" सगळे ओरडले.

मी वर बघितलं...

पिंडाचा भात घासाघासाने कमी होत होता. पण कावळा मला दिसलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी महाडच्या घरी आम्ही जेवायला बसलो होतो. मागच्या दारावर थाप पडली.

"प्रवीण... भूक लागलेय रे..."

आईचाच आवाज.

निशिगंधाच्या हातातला घास गळला. "ह्या आई नाहीत," ती कुजबुजली. "तुम्ही प्रभूचं नाव घ्या."

मी तोंड उघडलं. शब्द फुटेना.

बाहेर कोणीतरी हसलं.

"चाळीस जणांत घेतलं नायस. आता घेतोस?"

निशिगंधाने माझ्याकडे बघितलं. "कोण चाळीस जण?"

मग तिनेच डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना केली, आणि बाहेरचा आवाज थांबला. तिचं आमेन झालं. माझ्या तोंडून तेही निघालं नाही.

निशिगंधा बाहेर गेली की अजूनही दुपारी हाक येते.

पाळकांना सांगायचं, तर आधी दहाव्याचं सांगावं लागेल. ते काही माझ्याने होत नाही. म्हणून मी गुपचूप भात वाढतो आणि मागच्या दाराबाहेर ठेवून येतो.