उत्तरेच्या भिंतीतली खिडकी

दोर आधी नीट गुंडाळून खुंट्यांना लावा. हो, तोही. मग बसा.

जॉस, मघाशी जिन्यात तू जे बोललास ते मला ऐकू आलं. म्हातारा प्रसादाला वेदीपाशी जात नाही, गुडघे दुखतात म्हणून मागच्या बाकावर मागवून घेतो, आणि घंटेच्या सरावाला मात्र मनोऱ्याच्या बावन्न पायऱ्या चढून येतो. बरोबर आहे तुझं. माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. टॅमसिन, हसू नकोस, चहा ओत. सांगतो.

गोष्ट तशी माझी नाही. विल्फ केरिजची आहे. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. गवंडी होता. या बाजूच्या अकरा चर्चच्या भिंतींना त्याचा हात लागलाय. सिमेंटचा त्याला भयंकर राग. म्हणायचा, जुनी भिंत श्वास घेते, सिमेंट लावलं की तिचा गळा दाबल्यासारखं होतं. चुना मळून झाला की चिमूटभर जिभेवर ठेवून बघायचा. त्याची बायको नोरा म्हणायची, "माझ्या हातचं जेवण याने एवढं मन लावून कधी चाखलं नाही." आम्ही दोघं पाच वर्षांचे असल्यापासून बरोबर. मी कारकुनीत गेलो, तो दगडांत. पुढे मी या चर्चचा कारभारी झालो तेव्हा भिंतींचं काम त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला द्यायचा प्रश्नच नव्हता.

दोन हजार पंधराचा नोव्हेंबर. वेदीच्या डाव्या हाताची, म्हणजे उत्तरेची भिंत ओल धरत होती. विल्फ तिचा सिमेंटचा गिलावा काढत होता. मंगळवारी दुपारी त्याने मला घरून बोलावून घेतलं. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर दगडाची एक चौकट उघडी पडली होती. वीतभर रुंद, दीड वीत उंच. आत गारगोट्या आणि चुना भरून बुजवलेली. त्याने पुढच्या गारगोट्या काढल्या होत्या, कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या. मागचा भराव पक्का होता. त्याच्या पलीकडे बाहेरचं कबरस्तान.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"खिडकी. कोंडून घेतलेल्या बाईची."

तुम्हाला शाळेत शिकवलं असेल किंवा नसेल. त्या काळी एखादी बाई स्वतःहून चर्चच्या भिंतीला लागून खोलीत कोंडून घ्यायची. जन्मभर, प्रार्थनेसाठी. बिशप यायचा, ती जिवंत असतानाच तिच्यावर मयताच्या प्रार्थना म्हणायचा, आणि दार चिणून टाकायचे. एक खिडकी वेदीकडे, एक बाहेर. बाहेरच्या खिडकीतून गावाने तिला भाकरी-पाणी द्यायचं, तसा गावाने शब्द दिलेला असायचा. आपल्याकडची ती खोली केव्हाच पडली, तिथे आता कबरी आहेत. आपलं चर्च शेतात एकटं उभं आहे आणि गाव अर्धा मैल वर टेकडीवर, ते का, हे जुनी माणसं सांगायची. काळ्या साथीच्या, म्हणजे प्लेगच्या, उन्हाळ्यात इथली निम्मी माणसं मेली, उरलेली वर पळाली. घरं सोडली, गुरं सोडली. भिंतीतल्या बाईचं काय झालं, ते कोणी सांगायचं नाही.

विल्फने गुडघ्यावर बसून त्या भरावावरून अंगठा फिरवला.

"घाईत भरलंय हे," तो म्हणाला. "आणि कुठून भरलंय बघ. तिच्या बाजूने नाही. भरणारा इकडे उभा होता, क्लेम. चर्चमध्ये."

"का पण?"

"आवाज येत असेल."

नियम साधा होता. असं काही सापडलं की काम थांबवायचं आणि बिशपच्या कार्यालयाला कळवायचं. मग जाणकार येणार, मापं घेणार, दोर्‍या बांधणार, महिनोन् महिने वेदीकडे कोणाला जाता येणार नाही. आणि शनिवारी माझ्या फिलिपाचं लग्न होतं. याच वेदीसमोर. पाहुणे निघाले होते, फुलं सांगून झाली होती.

मी विल्फला म्हणालो, तू हे परत बुजव. लग्न झालं की मी स्वतः कळवतो.

तो हातातली थापी पुसत राहिला.

"चाळीस वर्षांत मी असं काही झाकलेलं नाही."

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

"ठीक आहे. तुझ्या पोरीसाठी करतो. पण एक सांगतो, या भिंतीशी मी एकटा बसणार नाही. हसायचं तर हस. दोन दिवस इथे काम करतोय, माझ्या पाठीला बरं वाटत नाही. तू काम संपेपर्यंत बसायचं. मध्ये उठायचं नाही."

"बसतो."

"शब्द दे."

मी दिला. वर त्याची चेष्टाही केली. म्हटलं, कबरस्तानात एवढी हयात घालवून तू आता भ्यायला लागलास काय. तो हसला नाही.

गुरुवारी, बारा तारखेला, संध्याकाळी सहाला आम्ही आत गेलो. अंधार पडून तास-दीड तास झाला होता. भिंत ओली होणार म्हणून विल्फने वेदीकडची वीज बंद केली होती. बॅटरीवर चालणारा एक दिवा होता, तो मी बाकावर ठेवला. थंडी अशी की श्वास दिसत होता. मी थर्मास आणि चीज-लोणच्याचे सँडविच घेऊन गायकांच्या बाकावर बसलो. तो गुडघ्याखाली पोतं घालून भिंतीशी बसला. चुना, गारगोटी, चुना, गारगोटी. मध्येच फिलिपाच्या होणाऱ्या नवऱ्याची टर उडवत होता. म्हणाला, "पोरगा चांगला आहे. फक्त पोरीला सांग, त्याच्या कानांना वाऱ्यापासून जप, उडून जायचा."

साडेसात वाजले. काम संपत आलं. वरच्या कोपऱ्यात मुठीएवढी, कोपरभर खोल जागा उरली होती.

तेव्हा कोणीतरी म्हणालं, "आलास?"

हलक्या आवाजात. बाईचा आवाज. कुठल्या बोलीत, ते आजही सांगता येणार नाही. पण अर्थ कळला.

विल्फने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे.

"तू बोललास?"

"नाही."

आम्ही ऐकत राहिलो. काही नाही. बाहेर वारासुद्धा नव्हता. विल्फने खांदे उडवले, शेवटची गारगोटी उचलली, चुना लावला, आणि जागा बघायला डावा हात आत घातला. मनगटापर्यंत. मग कोपरापर्यंत.

आणि थांबला.

"क्लेम," तो म्हणाला. ओरडला नाही. अगदी सावकाश म्हणाला. "कोणीतरी माझा हात धरलाय."

मी बसल्या जागी...

"मागे भिंत आहे, क्लेम. भराव आहे. मी काढलेला नाही तो." थोडं थांबून, "सोडत नाहीये."

"ओढ."

"ओढतोय."

परत तो आवाज. या वेळी अगदी जवळून. "आलास?"

"दिवा घेऊन इकडे ये," विल्फ म्हणाला. "माझ्याजवळ येऊन बस. बस एवढंच."

मी दिवा उचलला.

आता जे सांगतो ते या मनोऱ्यात मी पहिल्यांदाच सांगतोय. मी दिवा उचलला आणि त्याच्याकडे गेलो नाही. मी दाराकडे चाललो. पायऱ्या उतरलो, बाकांमधून चाललो. पळालोही नाही. चालत गेलो.

"कुठे चाललास?"

"उजेड आणतो," मी म्हणालो.

दिवा माझ्या हातात होता.

 माझ्या मागे काळोख होत गेला, तसा मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मी बाहेर आलो. दार ओढलं. आणि चावी फिरवली. तुम्हाला ते दार माहीत आहे. आतून कडी नाही, चावीशिवाय उघडत नाही. माझ्या मनात एवढंच होतं की जे आत आहे ते आतच राहू दे... विल्फ आत आहे, हे मला माहीत होतं. विसरलो असं कधी मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही.

गाडीत बसलो. घरी गेलो. फिलिपा लग्नाचे बूट घालून स्वयंपाकघरात चालून बघत होती. बायकोने विचारलं, झालं का काम? विल्फ कुठाय, जेवायला आणणार होतास ना. मी म्हणालो, तो घरी गेला. आणि जेवायला बसलो. मटण होतं. मी खाल्लं.

दहाला फोन वाजला. नोराचा.

"विल्फ तुझ्याकडे आहे ना, क्लेम? फोन त्याचा गाडीतच वाजतोय बहुतेक. उचलत नाही."

खिशातली चावी माझ्या हाताला लागली.

"क्लेम?"

"येतो," मी म्हणालो. "तुला घ्यायला येतो."

सव्वादहाला आम्ही दोघं दाराशी होतो. मी चावी काढली. नोरा माझ्या हाताकडे बघत होती. मी चावी फिरवली, ती खट्ट वाजली. दार उघडायच्या आधी नोराने विचारलं,

"कुलूप कोणी लावलं?"

...

ती आत गेली. तिच्याकडे टॉर्च होती. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. टॉर्च बाकांवरून, खांबांवरून, वेदीच्या पायरीवरून गेली आणि थांबली. विल्फ भिंतीला टेकून बसला होता. हात मोकळा होता. मांडीवर घेऊन बसला होता, दुखतो तसा. नोराने त्याला उठवलं, स्वतःचा कोट त्याच्या अंगावर घातला. दोघं माझ्या समोरून बाहेर गेली. फाटकाशी तो थांबला. नोराला म्हणाला, तू गाडीत बस.

मग माझ्याकडे वळला. मी म्हणालो, विल्फ, मी...

"तिने काही केलं नाही," तो म्हणाला. "हात धरून बसली होती. लहान हात आहे, क्लेम. गार पडलेला. मला वाटतं तिलाच भीती वाटत होती."

मी त्याच्या हाताकडे पाहिलं.

"खूप वेळाने सोडला. सोडायच्या आधी एकच विचारलं. गेला तो कोण."

"मग?"

"मी सांगितलं," विल्फ म्हणाला. "क्लेमेंट. क्लेमेंट पूली."

तो माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द. माझं नाव.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तो एकटा आला. दिवसाउजेडी. ती मूठभर जागा भरली, गिलावा केला, वर चुन्याचा हात दिला. मला दिलेला शब्द त्याने पाळला. शनिवारी लग्न झालं. ओल्या चुन्याचा वास येत होता. पाहुणे म्हणाले, किती स्वच्छ वाटतंय. केरिज कुटुंबाच्या बाकावर कोणी नव्हतं.

तीन वर्षं आम्ही एकाच गावात राहिलो. पोस्टात, दुकानात, रस्त्यावर. तो मला टाळायचा नाही. माझ्यातून पलीकडे बघायचा. दोन हजार अठराच्या डिसेंबरात गेला. मी नोराच्या दाराशी गेलो, म्हटलं, मला खांदा देऊ दे. ती म्हणाली, "त्याने सांगून ठेवलंय. तू नको." आणि दार लावलं. हळूच लावलं.

त्यानंतर मी बिशपच्या कार्यालयाला खिडकीचं कळवलं. साडेतीन वर्षं उशिरा. मे महिन्यात एक तरुण बाई आली, जुन्या भिंतींवरच्या खरवडलेल्या खुणा वाचणारी. तिने विल्फचा भराव काढला. मग मागचा जुना भराव काढला, ज्याला विल्फने हात लावला नव्हता. दोन दिवस लागले तिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला हाक मारली. ती पोटावर झोपली होती, टॉर्च तिरकी धरून.

"या, बघा. अगदी पलीकडच्या टोकाला, चौकटीच्या दगडावर. तिच्या बाजूला."

मी वाकलो. सुईने कोरावीत तशी अक्षरं. बारीक, वाकडी, खाली उतरत गेलेली.

"आणि हे पाहिलंत? भराव घातला तेव्हाचा चुना अक्षरांच्या खाचांत घट्ट बसलाय. म्हणजे खिडकी बुजवण्याआधीच कोरलंय हे. साडेसहाशे वर्षांत कोणाच्या नजरेला पडलेलं नाही."

"काय लिहिलंय?"

"लॅटिन आहे. तीनच शब्द." तिने बोट न लावता त्यांवरून फिरवलं. "क्लेमेंट आला नाही."

...

ती माझं आडनावच ओळखत होती. कागदांवर तेवढंच होतं.

"तेव्हा चालायचं हे नाव," ती म्हणाली. "भाकरी आणून देणारा कोणी असेल बिचारा, साथीत मेला असेल. तुमच्या गावात या क्लेमेंटबद्दल काही ऐकिवात आहे का, मिस्टर पूली?"

मी नाही म्हणालो.

तो दगड आहे तिथेच आहे, वेदीपाशी गुडघे टेकले की डाव्या हाताला. आता त्यावर काच बसवली आहे. टॅमसिन, टॉर्च खाली ठेव. बघायचंच असेल तर उद्या बघ. दिवसा.