डोंगराने अडवलेली नदी

डोंगराची अख्खी कूस कोसळून नदी अडली होती. तो आडवा पडलेला ढिगारा टिकणार की फुटणार, हे शोधायला विद्यापीठाच्या भू-अभियांत्रिकी विभागातली तीन माणसं त्या घळीत शिरली. घळ संपते तिथे, नदीच्या दोन्ही काठांवर एक गाव होतं. नुसत्या अंदाजावर गाव रिकामं करायला अधिकारी तयार नव्हते, आणि त्यांचंही चूक म्हणता येत नव्हतं. असे बांध कधी आठवडाभरात फुटतात, तर कधी पिढ्यान् पिढ्या उभे राहतात.

पुढे होत्या विभागप्रमुख मॅडम. केस पिकले होते, पण चढावर बाकीच्यांना धाप लागली तरी त्यांचं बोलणं थांबत नसे. शेवटी पैलवान. काडीसारख्या अंगावर यंत्रांचं ओझं घेऊन चालणाऱ्या या संशोधकाला ते नाव कुणी दिलं, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. त्याची थोरली बहीण खालच्याच गावात दिली होती. त्यामुळे एरवी बडबड्या पैलवान त्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी धरून चालत होता.

दोघांच्या मधे राणी. भाऊ तिला चिखलराणी म्हणायचा. ताई डॉक्टर होणार आहे, पण चिखलाची, असं तो पाहुण्यांना सांगे. विभागाने त्यातला चिखल तेवढा वगळला होता. तळघरातल्या प्रयोगशाळेत ती वर्षानुवर्षं चिकणमाती भिजवून, पितळी कड्यांत थापून, यंत्राखाली सरकेपर्यंत दाबत आली होती. पण खरा डोंगर ज्या थरावरून घसरतो, तो थर जसाच्या तसा तिच्या हाती कधीच लागला नव्हता. तिच्या सगळ्या प्रबंधाचं घोडं तिथे अडलं होतं.

वाट नदीच्या पात्रातूनच होती. पाणी घोट्याएवढंही नव्हतं, आणि तेच भयंकर वाटत होतं! उघड्या पडलेल्या गोट्यांवर शेवाळ वाळून पापुद्रे सुटले होते. कड्यावरून अधूनमधून दगड सुटत, आणि मग तिघंही कपारीला पाठ लावून श्वास रोखून उभी राहत. एक वळण घेतलं आणि समोर तो बांध दिसला. राणीची मान मागे कलत गेली. घरांएवढे खडक, मुळांसकट उपटलेली झाडं, लाल माती, सगळं एकात एक कालवून कुणीतरी घळीत ओतलं होतं. त्याच्या पायथ्याशी एक झरा पाझरत होता, स्वच्छ, काचेसारखा. मॅडमनी ओंजळीत पाणी घेऊन उन्हात निरखलं आणि समाधानाने मान हलवली. पाणी नितळ आहे, म्हणजे आतली माती जागची हललेली नाही.

माथ्यावर पोचल्यावर पलीकडे तळं पसरलेलं दिसलं. हिरवंगार, निश्चल, नजर पोचेल तिथवर. पैलवान बांधात नळी ठोकून आतल्या पाण्याचा दाब मोजणारं यंत्र बसवू लागला. राणी बाजूच्या उतारावर गेली. तिथे डोंगराची जखम उघडी पडली होती.

ती थबकलीच. करड्या मातीचा एक प्रचंड पट्टा, घोटून घोटून गुळगुळीत केल्यासारखा, उन्हात आरशासारखा चकाकत होता. त्यावर वरून खाली सरळ ओरखडे होते. डोंगर याच वाटेने गेला होता! तिने हळूच तळवा टेकवला. गार, ओलसर, साबणासारखा स्पर्श. जेमतेम वीतभर जाडीच्या या थराने एवढा पहाड पाठीवरून उतरवून ठेवला होता. देवळात आल्यासारखी ती तिथे उभी राहिली.

मग तिने तारेने त्या थराचा एक ठोकळा अलगद कापला, फडक्यात गुंडाळला, वर मेण चढवलं आणि पेटीत ठेवला. तान्ह्या बाळाला कुणी इतकं जपत नसेल.

ती परतली तेव्हा पैलवान यंत्राकडे एकटक बघत होता. आकडा चढत होता. थांबत नव्हता. मॅडमनी बांधाच्या कडेवरून खाली वाकून पाहिलं. पायथ्याचा झरा चहासारखा गढूळ झाला होता.

"आतून पोखरतंय," त्या म्हणाल्या. "खालची वाट संपली आता. वर चला."

फोन थेट उपग्रहाशी बोलणारा होता, पण घळीत आभाळाची नुसती चिंधी दिसत होती. वरच्या डोंगराच्या धारेवर गेल्याशिवाय तो लागणार नव्हता. आणि धारेकडे जायला तो चकाकता पट्टा आडवा ओलांडावा लागणार होता.

मॅडम कुदळीने खाचा पाडत पुढे सरकल्या आणि पलीकडच्या खडकाला दोर बांधला. त्यांच्यामागे पैलवान. मग राणी, पाठीवर पेटी. चार पावलं झाली. पाय सटकला! ती दोर धरून, उताराला पोट टेकून लोंबकळली. पेटी तिला मागे खेचू लागली, दोर करकरला. खाली खडकांचे सुळे.

"मॅडम, पेटी?"

"माती तुझी आहे. तू ठरव."

राणीने एक खांदा सोडवला. मग दुसरा. पेटी सुळकन घसरली, दोनदा आपटली आणि खोल कुठेतरी फुटल्याचा आवाज आला. तिने खाली पाहिलं नाही. हलक्या अंगाने एकेक खाच धरत ती पलीकडे पोचली, आणि तिघंही ऊर फुटेस्तोवर चढत सुटली.

धारेवर फोन लागला. मॅडमनी थोडक्यात सांगितलं आणि फोन पैलवानाच्या हातात दिला. पलीकडचा अधिकारी विचारत होता, खात्री आहे का.

"माझी बहीण तिथे राहते," पैलवान म्हणाला. "आत्ता भोंगा वाजवा."

मग नुसती वाट बघणं. दूरवर, मुंग्यांच्या रांगेसारखी माणसं गावातून टेकडीवर चढताना दिसू लागली. रांग लांबत गेली, विरळ झाली, संपली. ऊन कलायच्या आत फोन वाजला. गावात कुणी उरलं नव्हतं. पैलवानाने चेहरा ओंजळीत झाकला.

त्यानंतर बांध गेला. आधी माथा जरासा खचला, भाकरीचा पापुद्रा बसावा तसा. त्या खाचेतून पाण्याची एक जीभ बाहेर आली. आणि मग घळ गर्जली! खडक चेंडूसारखे उसळले. पायांखालची धार थरथरत होती. तपकिरी पाण्याची भिंत वळणाआड गेली, तरी तिचा आवाज कितीतरी वेळ आभाळात घुमत राहिला. खाली काठावरची घरं गेली. टेकडीवरची माणसं जागच्या जागी उभी होती.

 

हळूहळू तळं ओसरू लागलं. आणि राणीने मॅडमचा हात घट्ट धरला. पाण्यातून झाडांचे शेंडे वर येत होते. मग फांद्या, मग खोडं. बुडालेलं अख्खं रान, गाळाने माखलेलं, निथळत, जसंच्या तसं उभं होतं. त्याच्या मधून नदी आपली जुनी वाट शोधत निघाली होती. एक बगळा कुठून तरी आला, सगळ्यांत उंच फांदीवर उतरला, आणि पंख मिटून बसला.