उन्हात बघितलेला रंग

नांदेडच्या इतवाऱ्यात निजामोद्दीन रंगरेजांचं दुकान. बायका ब्लाउजपीस घेऊन येतात, त्याला मॅचिंग ओढणी रंगवून नेतात. निजामोद्दीन ओली ओढणी उन्हात धरतात, पीस शेजारी लावतात आणि म्हणतात, "जमला." हा शब्द त्यांनी गिऱ्हाइकांना चाळीस वर्षं वाटला, पोटच्या पोरीला एकदाही दिला नाही.

पोरगी नाझनीन, फॅशन डिझायनर. लग्नाचे घागरे शिवून झाले की दुकानात उरलेल्या रंगांनी मोठमोठ्या कॅनव्हासवर चित्रं काढायची. त्यांत ना झाड, ना माणूस. नुसता रंग.

"सॅम्पल कुठंय?" अब्बा विचारायचे.

"सॅम्पल नसतं, अब्बा. मनातलं असतं."

"मनात कुठं ऊन पडतंय? जुळवायचा कशाशी?"

लातूरला पहिलं प्रदर्शन ठरलं, तेव्हा अब्बांनी अट घातली. "एक माणूस चित्रापुढं पाच मिनिटं थांबला, तर मी गप. न्हाई तर ब्रश ठेव आन् दुकानात रंगाच्या टबात हात घाल."

मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सात चित्रं लागली. बारापर्यंत एकच माणूस आला. जेवण कुठंय विचारून गेला.

मग तिथल्याच गल्लीतल्या म्हाताऱ्या सरजाबाई आल्या. रंगरेजाच्या पोरीनं रंग लावलेत, एवढंच त्यांच्या कानावर होतं. त्या पांढरा पीस घेऊन थेट रंगवून घ्यायला आल्या होत्या. नाझनीन काही बोलायच्या आत त्यांनी तो पिवळ्या चित्राला टेकवला.

पीस पिवळा झाला.

चित्र महिन्यापूर्वीचं, खडखडीत वाळलेलं. नाझनीननं बोट लावून बघितलं. बोट स्वच्छ. आणि पीसवरचा पिवळा चित्रातला नव्हताच.

"ह्यो माझ्या हळदीचा," सरजाबाई म्हणाल्या. "मायनं लावलेली. लई शोधला गं, कुठंच न्हाई गावला."

वीस मिनिटं त्या तिथंच रडत-हसत उभ्या होत्या. जाताना एक पाय स्वतःच्या लाल चपलेत, दुसरा नाझनीनच्या निळ्या चपलेत घालून गेल्या.

तीनपर्यंत टँकर आल्यासारखी रांग लागली. रुमाल, टोप्या, एकानं तर उशीचा अभ्रा आणला. रिटायर्ड मास्तर अनंतरावांच्या रुमालावर त्याच पिवळ्यातून निळा उतरला. "आमच्या इंदूची पहिली साडी," एवढंच ते बोलले. प्रत्येक जण सत्कार झाल्यासारखा बाहेर पडत होता. दाराबाहेर उरलेल्या चपलांत एकही जोडी जुळत नव्हती.

चारला अब्बा चित्रं न्यायला ओमनी घेऊन आले. रांग बघितली. मुकाट शेवटी उभे राहिले.

नंबर आल्यावर त्यांनी पांढरा रुमाल काढला. टेकवला. उन्हात नेऊन धरला.

बराच वेळ.

"जमला."

"कशाशी, अब्बा?" नाझनीननं विचारलं.

"तुझ्या अम्मीच्या ओढणीशी. तिला पहिल्यांदा बघितलं, त्या दिवशीच्या." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी नुस्ते कपडे रंगवले, बेटा."

चित्रं ओमनीत चढली. अब्बा कधी नव्हे ते शीळ घालत गाडी चालवत होते. पहिल्या चौकात त्यांनी ब्रेक दाबला आणि सिग्नलकडं हसऱ्या चेहऱ्यानं बघत राहिले.

"बेटा, आता तेवढं तू सांगत जा," ते म्हणाले. "लाल लागलाय का हिरवा?"