पुढच्या रांगेतली बाटली

मंगळवारी दुपारी सव्वातीनला लाल वाईनच्या फळीसमोर एक माणूस येऊन उभा राहिला, आणि पावणेचार वाजले तरी तिथून हलला नाही.

यशोधराने दोनदा घड्याळ पाहिलं. उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या या सुपरमार्केटात लोक डाळ-तांदूळ घ्यायला येत. वाईनच्या कोपऱ्यात आलेच, तर मान खाली घालून यायचे, हाताला लागेल ती बाटली उचलायचे आणि पिशवीत तूरडाळीखाली दडवून चालते व्हायचे. हा मात्र एकेक बाटली उचलत होता, मागचं लेबल वाचत होता आणि पुन्हा जागच्या जागी, लेबल पुढे करून, ठेवत होता.

"काही मदत करू?"

तो दचकला. "लाल हवी होती. स्वस्तातली. आणि... पहिल्यांदाच पिणाऱ्याला झेपेल अशी."

"कुणासाठी?"

"पहिल्यांदाच पिणाऱ्यासाठी," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

यशोधराने हसू गिळलं. "हातातली ठेवा. ती पोर्ट आहे, गोड. म्हातारी माणसं टॉनिक म्हणून नेतात. ही शिराझ घ्या. अर्धी बाटली. नाही आवडली तर अर्धंच नुकसान. आणि फिरकीच्या झाकणाचीच घ्या. बुचाची घेतलीत तर उघडणार कशाने?"

"घरी स्क्रू-ड्रायव्हर आहे."

"म्हणूनच म्हणते."

त्याने पुढची बाटली उचलली. तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि हात आत घालून मागची दिली. "पुढच्या रांगेतली कधी घ्यायची नाही. शेठनी हौसेने फळी काचेला लावलीय. पुढच्या बाटल्या दुपारभर उन्हात शिजतात."

"तुमची आवडती कोणती?"

"मी पीत नाही."

"मग विकता कशी?"

"चपलांच्या दुकानातला माणूस सगळ्या चपला घालून बघतो का?"

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्तच मिटायचा. ही गोष्ट लक्षात ठेवण्याचं काहीच कारण नव्हतं, पण तिच्या लक्षात राहिली.

दारूच्या प्रत्येक बाटलीमागे एक दिवसाच्या परवान्याची चिठ्ठी भरायची, असा नियम. बाकीचे विक्रेते मनाला येईल ते नाव टाकत. यशोधरा विचारून लिहायची. म्हणून तिला कळलं: प्रमोद भोईर, वय सव्वीस, राहणार खरवई, बदलापूर. का हवी होती, तेही त्याने न विचारता सांगून टाकलं. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये तो कंत्राटावर होता. नाशिकच्या एका वायनरीत लॅबची कायमची जागा निघाली होती. एकवीस मेला मुलाखत, आणि मुलाखतीत तीन ग्लास पुढे ठेवून विचारणार, सांगा, कशात काय आहे.

"आणि मी," तो म्हणाला, "आजवर कोकम सरबताच्या पुढे गेलेलो नाही."

दोन हजार सातचा तो एप्रिल. दुपारी एक ते पाच भारनियमन, वीज नाही. सुपरमार्केटाचा जनरेटर फक्त आइस्क्रीमच्या फ्रीजपुरता. तीन दिवसांनी तो परत आला तेव्हा घामाने थबथबला होता आणि चेहरा एरंडेल घेतल्यासारखा.

"काढा आहे तो. गरम काढा!"

"कशी प्यालात?"

"लिहिल्याप्रमाणे. खोलीच्या तापमानाला."

"खोली कुठली?"

"माझी. वर पत्रा आहे."

"अहो, ते लिहिणाऱ्याची खोली कुठे थंड देशातली असेल! तुमच्या पत्र्याखाली दुपारी पापड भाजून निघेल." आता मात्र तिला हसू आवरेना. "बाटलीला ओलं फडकं गुंडाळा आणि खिडकीत वाऱ्याला ठेवा. फडकं सुकलं की पुन्हा भिजवा. दोन तासांनी प्या."

त्याने कपाळावर हात मारला. "बाष्पीभवन. मी केमिस्ट्रीत बीएस्सी आहे, आणि मला हे सुचलं नाही."

"तुमच्याकडे डिग्री आहे. आमच्याकडे आई आहे. दूध असंच टिकवते ती."

पुढच्या वेळी त्याने खिशातून एक छोटी काचेची कुपी काढली. घट्ट बुचाची, लॅबमधली, धुऊन लखलखीत केलेली. वर चिठ्ठी होती: नमुना क्र. २, ता. २४/४.

"तुम्ही पीत नाही, ठीक. वास घ्यायला काय हरकत आहे?"

हरकत होती की नव्हती, हे यशोधरालाही नीट ठरवता येईना. तिचे वडील, आण्णा, रोज सकाळी बुद्धवंदना घेत. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं, ते त्यांनी जन्मभर पाळलं होतं. इंग्रजी लेबलं वाचता येतात म्हणून शेठनी तिला या कोपऱ्यात उभं केलं, तेव्हा आण्णा दोन दिवस बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "विकणंही बरं नाही, बेटा. दुसरं काम मिळेपर्यंत कर. थेंब मात्र जिभेला लागता कामा नये." वाईन कंपनीच्या प्रशिक्षणात सगळ्यांनी चाखली, तिने नुसती हुंगली. तेवढ्यावरून तिला कळलं की तिचं नाक तयार आहे. कारण आईचा शिवमंदिराच्या रस्त्यावर मसाला कुटायचा डंक होता. बेडगी मिरची कुठली आणि संकेश्वरी कुठली, हे ती चौथीत असल्यापासून डोळे मिटून सांगायची.

तिने बूच काढलं. डोळे मिटले.

"जांभूळ. मागून मिरे... आणि नवीन पाटीदप्तर. तुम्ही काय लिहिलंत?"

त्याने वही पुढे केली. लिहिलं होतं: आंबट. तुरट. मध्यम.

"तुम्ही वाईन पिता की रिपोर्ट भरता?"

मग ते ठरूनच गेलं. मंगळवार आणि शनिवार, तीन वाजता तिची सुट्टी. दुकानामागच्या रसवंतीचा बाक. मध्ये दोन उसाचे ग्लास, एक कुपी, एक वही. घरी तो चाखून लिहायचा. इथे ती हुंगून सांगायची. मग दोघं ताडून पाहायची.

"ही दुसरी लाल, कॅबरने. काय येतंय?"

"हिरवी मिरची चिरल्यासारखं काहीतरी."

"मला नाही आलं."

"तुमचं नाक ॲसिडने मेलंय."

"मग तुमचं द्या उसनं."

"नाशिकला घेऊन जाणार?"

हे ती सहज बोलून गेली. आणि त्या सहज बोललेल्या वाक्याने तिच्या मागे भुंगा लावला.

कारण तो शिकत होता. भराभर शिकत होता. मेच्या पहिल्या आठवड्यात त्याने तिच्या आधी सांगितलं, "यात करवंद आहे." बरोबर होतं. तिने शाबासकी दिली, आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं. तो पास होणार. पास झाला की जाणार. आणि पास करून कोण घालवतंय? आपणच.

तेव्हापासून तिला एका जागी बसवेना. गिऱ्हाइकाला साबण दाखवताना ती दाराकडे बघायची. मंगळवारी सकाळी तीन वेळा वेणी घालायची आणि तिन्ही वेळा मोडायची. आईने विचारलं, "काय गं, मुंग्या चावतात का?" ती म्हणाली, "उकडतंय." तो तर भलत्याच गप्पा मारायचा. खरवईत नवीन इमारती उभ्या राहतायत, आईची कोंबडी लिफ्टच्या खड्ड्यात पडली... आणि नाशिकचं नाव काढलं की नुसता उसाचा ग्लास गोल गोल फिरवत राहायचा. मुलाखतीची धास्ती असेल, असं ती समजली.

शनिवार आला, एकोणीस तारीख.

"परवा मुलाखत," तो म्हणाला. नजर मात्र फळीवर. "शेवटची बाटली तुमच्या हाताने द्या. जी चांगली वाटेल ती. तीच चव डोक्यात ठेवून जातो."

यशोधरा वळली. हात आत घातला, नेहमीसारखा मागच्या रांगेत. आणि मग... तो हात तसाच मागे आला. पुढच्या रांगेतली, काचेला टेकलेली शिराझ तिने उचलली. बाटली हाताला कोमट लागली. महिनाभराचं ऊन प्यायलेली.

"ही," ती म्हणाली. "सगळ्यात चांगली."

चिठ्ठी भरताना तिचं अक्षर वाकडं आलं. त्याने बाटली छातीशी धरली, "थँक्यू" म्हणाला, दारापर्यंत जाऊन उगाच एकदा वळून पाहिलं, आणि गेला.

रविवारी सकाळी आण्णांच्या वंदनेत ती हात जोडून बसली. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या त्या ओळीला, तिचे ओठ हललेच नाहीत. वंदना संपायच्या आत ती चप्पल घालून बाहेर पडली होती.

पत्ता पाठ होता. तिनेच नऊ वेळा लिहिला होता. बदलापूर स्टेशनहून शेअर रिक्षा, मग विचारत विचारत. अंगणात एक बाई मिरच्या पसरत होती. पदर खोचलेला, डोळे बारीक.

"कोण पायजे गो?"

"प्रमोद भोईर... मी सुपरमार्केटातून—"

बाई ताठ उभी राहिली. "ऱ्हव ऱ्हव. तू ती वासवाली का?" आणि आत तोंड करून तिने आरोळी ठोकली, "परमोद! तुझी वासवाली आली रे!"

प्रमोद बनियनवर बाहेर आला, तिला बघून आत पळाला, शर्ट घालून परत आला. बटणं एक घर चुकलेली. त्याच्या आईने, वेणूबाईंनी, मिरच्या जिथल्या तिथे सोडल्या. "मी च्या टाकते," म्हणाल्या, पण दारातच रेंगाळल्या.

"आई, चहा."

"जाते ना. माझ्याच घरात मला हाकलतो."

त्या आत गेल्या. यशोधरा ओट्याच्या कडेला उभीच.

"ती बाटली," तिने एका दमात विचारलं, "उघडलीत?"

"उघडली की. कालच." तो खुशीत होता. "वास घेतला आणि कळलं. शिजलेली बोरं, काकवी... जांभूळ नावाला नाही. उन्हाने गेलेली! मी ओळखलं. परीक्षा घेतलीत ना माझी? मी मनात म्हटलं, काय डोकं आहे! बिघडलेली कशी असते, हे कोण शिकवणार होतं मला?"

वाट आयती समोर उघडी होती. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिने "हो" म्हणायला तोंड उघडलंही.

"नाही," ती म्हणाली. "परीक्षा नव्हती. तुम्ही चुकीची चव डोक्यात ठेवावी आणि... आणि नापास व्हावं, म्हणून दिली."

प्रमोद ओट्याच्या टोकाशी आला.

"का?"

"का म्हणजे काय? इतकं करवंद ओळखता आणि हे ओळखता येत नाही?" तिचा आवाज चढला आणि तिथेच फुटला. "मंगळवार-शनिवार संपतील म्हणून! मला माहितीय, वाईट केलं. तेच सांगायला आले. उद्या ती चव डोक्यातून काढून टाका आणि चांगली मुलाखत द्या. झालं. निघते."

"थांबा. ओ... थांबा ना." तो ओट्यावरून उतरला. चुकलेलं बटण काढून नीट लावू लागला. "उद्या मुलाखत नाहीये."

"म्हणजे?"

"झाली. त्यांनी अलीकडे ओढली, दहा तारखेलाच झाली. तिन्ही ग्लास बरोबर आले. मिरेसुद्धा. पत्र सोमवारी आलं. एक जूनला हजर व्हायचंय."

"सोमवारी? मग मंगळवारी आलात ते... आणि काल? 'परवा मुलाखत' म्हणालात! बाटली कशाला घेतलीत?"

"दुसरं काय कारण सांगून येणार होतो?" तो म्हणाला. "तूरडाळ घ्यायला खरवईतून उल्हासनगरला येतं का कोणी?"

ती रागवायला निघाली होती. खरोखर निघाली होती. पण राग ओठांपर्यंत येता येता त्याचं हसू झालं, आणि ते लपवायला तिने तोंड फिरवलं, तर समोर खिडकीत वेणूबाई, चहाची गाळणी हातात तशीच धरून, पूर्ण लक्ष देऊन ऐकत.

"साखर किती गो?" त्या अजिबात न ओशाळता म्हणाल्या.

"एक चमचा, काकू."

प्रमोद जवळ आला. हात पुढे केला, मागे घेतला, शेवटी तिच्या ओढणीचं एक टोक दोन बोटांत धरलं, नमुन्याची चिठ्ठी धरतात तसं, अलगद.

"नाशिक लांब नाही," तो म्हणाला.

"कल्याणहून तीन तास. दर रविवारी सकाळी गाडी आहे. संध्याकाळची परतीची आहे."

"तुला कसं माहीत?"

'तू' दोघांनाही ऐकू आलं. कुणीच ते दुरुस्त केलं नाही.

"एप्रिलमध्येच बघून ठेवलं होतं," ती म्हणाली.

तो हळूच म्हणाला, "पुढच्या रविवारी तुझ्या घरी येतो. जायच्या आधी. आण्णांना भेटायला. पण... काय सांगू? भोईरांचा मुलगा, तुमच्या समाजाबाहेरचा, आणि कामाला वायनरीत. त्यांना दोन्ही गोष्टी चालणार नाहीत."

"लॅबमध्ये आहे म्हणा. खोटं नाही ते." ती थांबली. ओढणीचं टोक अजून त्याच्या बोटांत होतं. तिने मान हलवली. "नको. अख्खं सांग. अर्धं लपवून काय होतं ते कालपासून बघतेय मी. एक रात्रसुद्धा पचत नाही."

"आणि त्यांनी हाकललं तर?"

"तर तू गुपचूप निघ. वाद घालू नकोस."

"आणि तू?"

"मी तुला स्टेशनपर्यंत सोडायला येणार," यशोधरा म्हणाली. "त्यांच्यासमोर. सगळ्या गल्लीतून चालत."